मूळ प्रत न पाहता

सातवीण फुलली की मला राग येतो. फुलांवर प्रेम करणाऱ्या मंडळींनी माफ करावं, पण येतो.

दसरा उलटतो, पंख्याचा रेग्युलेटर पाचावरून दोनावर येतो, गाद्या-रजया गच्चीवर उन्हात पडतात आणि एका संध्याकाळी तो वास येतो. गोड, जड, नाकातून शिरून डोक्यात बसणारा. मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी सातविणीची दोन झाडं आहेत. ऑफिसातून परतणारे लोक त्यांच्याखाली थांबून लांब श्वास घेतात आणि "क्या खुशबू है यार!" म्हणतात. माझी मुलगी त्या झाडाला सप्तपर्णी म्हणते, कारण तिच्या शाळेत झाडावर तशी पाटी ठोकली आहे. बाबा सातवीण म्हणतात, कारण त्यांच्या साताऱ्याकडच्या गावात तसंच म्हणत. मी काही न म्हणता खिडक्या लावून घेतो.

कारण माझ्या लेखी हा फुलांचा वास नाहीच. हा आर. के. पुरममधल्या आमच्या सेक्टरच्या मैदानाचा वास आहे. मैदान म्हणजे अर्धं गवत, अर्धी धूळ, एका कडेला काटेरी कीकर आणि दुसऱ्या कडेला सातविणीची रांग. सकाळी गवतावर दव असायचं. ते बुटांच्या उसवलेल्या शिवणीतून आत शिरायचं, मोजे चिकट व्हायचे, आणि त्या ओल्या थंडीत शिट्टी वाजायची. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे शाळांच्या फुटबॉलचे दिवस. त्या एका वर्षीच्या त्या दोन महिन्यांनी आमच्या घराचं जे केलं, ते मी तीस वर्षं नाकात घेऊन हिंडतो आहे.

यंदा या रागाला व्हॉट्सॲप ग्रुपने खतपाणी घातलं. आमच्या शाळेच्या त्या टीमचा एक ग्रुप आहे. वर्षभर तिथे सुप्रभातची फुलं आणि गुडघेदुखीवरचे उपाय येतात. सातवीण फुलली की मात्र सगळ्यांच्या अंगात फुटबॉल संचारतो. पम्मी, म्हणजे परमिंदर, आमचा तेव्हाचा कॅप्टन. आता गुडगावात त्याचं मोठं ऑफिस आहे. त्याने एका सकाळी लिहिलं, "भाइयो, ग्रेट स्कूल कोच किसे कहते हैं? डिस्कस करो. वैसे जवाब एक ही है." खाली तोमर सरांचा फोटो. पांढरे केस, गळ्यात अजून शिट्टी, मागे कुठल्याशा महागड्या शाळेचं हिरवंगार टर्फ.

जवाब एकच असेल तर डिस्कस कशाला करायचं? पण केलं. एकाने लिहिलं, ग्रेट कोच म्हणजे रिझल्ट. दुसऱ्याने लिहिलं, डिसिप्लिन. तिसऱ्याने लिहिलं, "मारते थे, पर प्यार से मारते थे. आज हम जो हैं उसी मार से हैं." याच्यावर बारा जणांनी हात जोडले.

प्रेमाने मारत होते म्हणे! शिट्टीची नायलॉनची दोरी ते पोटऱ्यांवर ओढायचे. लाल वळ उठायचा, आणि आम्ही पोरं घरी सांगायचो की खेळताना लागलं. पन्नाशीला आलेले लोक हे कौतुकाने सांगतात. आपण आज जे आहोत ते त्या माराने झालो असं म्हणताना आपण आज नक्की काय आहोत, हे एकदा बघावं तरी. रक्तदाब आहे, ईएमआय आहे, आणि दुसऱ्याच्या पोराला मार पडला तर हात जोडायची सवय आहे.

सगळ्यात जास्त संताप आला तो सुब्बूचा. सुब्रमण्यम आमचा लेफ्ट विंगर. सडपातळ, वाऱ्यासारखा पळायचा. त्या वर्षी सरांनी त्याला टीमबाहेर बसवलं. का बसवलं ते पुढे सांगतो. त्यानंतर तो कधीच खेळला नाही. आणि हा सुब्बू अमेरिकेतून लिहितो, "सर ने मुझे नहीं खिलाया, बट ही वॉज द बेस्ट." अरे, ज्याचं ताट काढून घेतलं त्यानेच वाढप्याची तारीफ करायची? काही लोकांचं मीठच अळणी असतं.

मग ठरलं. दिवाळी मिलनाला तोमर सरांचा सत्कार. शाल, नारळ, मानपत्र. पम्मीने मला वेगळा फोन केला.

"सुन, मानपत्र पे एक पेरेंट का साइन चाहिए. अंकल सबसे सीनियर हैं. क्लास वन ऑफिसर थे. अंकल का साइन होगा तो वज़न आएगा यार."

मी म्हटलं, "पम्मी, तुझे याद है ना क्या हुआ था?"

"अरे वो! वो तो पॉलिटिक्स था. हमारी ट्रॉफी छीनी थी उन लोगों ने. छोड़ ना."

मी फोन ठेवला. खिडकीतून वास येतच होता.

आता एक गोष्ट आधीच कबूल करतो, नाहीतर मी नुसता नाकाने कांदे सोलतो आहे असं वाटेल. तोमर सरांना फुटबॉल शिकवता येत होतं. माझा डावा पाय निव्वळ लाकूड होता. त्यांनी माझा उजवा बूट काढून घेतला आणि म्हणाले, "अब मार." उजव्या अनवाणी पायाने चेंडू मारला की अंगठा ठणकायचा, म्हणून झक मारत डावा पाय चालवावा लागायचा. पंधरा दिवस शाळेच्या संडासाच्या भिंतीवर मी डाव्या पायाने चेंडू मारत होतो. सोळाव्या दिवशी चेंडू माझं ऐकायला लागला. सर लांबून बघत होते. जवळ आले, बूट माझ्या पायाशी टाकला आणि एवढंच म्हणाले, "हाँ." त्या एका "हाँ"साठी मी काय वाटेल ते केलं असतं. केलंच.

मुनिरकात एका गल्लीत त्यांची भाड्याची खोली होती. सायकलवरून सगळ्यांच्या आधी मैदानावर यायचे. डब्यात भिजवलेले हरभरे आणायचे आणि ज्याच्या घरी नाश्ता झाला नसेल त्याच्या मुठीत भरायचे. क्वार्टर टाइप वन की टाइप फोर, बाप शिपाई की अंडर सेक्रेटरी, हे आमच्या सेक्टरमधला प्रत्येक पोरगा दुसऱ्याबद्दल पहिल्या दिवशी विचारून घ्यायचा. सरांनी कधी विचारलं नाही. हे सगळं खरं आहे. त्यामुळेच राग जास्त येतो. नुसता वाईट माणूस असता तर विसरून गेलो असतो.

दिवसच तसे होते. गच्च्यांवरून केबलच्या काळ्या तारा लोंबायला लागल्या होत्या आणि आम्ही पहिल्यांदा परदेशी सामने घरी बसून बघत होतो. पानाच्या टपरीवर नवीन थंड पेयांचे लाल-निळे फ्रिज आले होते. यमुनेपलीकडे आणि गुडगावकडे शेतं जात होती आणि त्यांच्या जागी फ्लॅटचे सांगाडे, काचेची ऑफिसं आणि नव्या शाळा येत होत्या. त्या शाळांना पोहण्याचे तलाव होते, एसी बस होती आणि पानभर जाहिराती होत्या. आमच्या पिवळ्या रंगाच्या सरकारी शाळेच्या प्रिन्सिपलना एकदम वाटायला लागलं की आपणही काहीतरी जिंकलं पाहिजे. एका थंड पेयाच्या कंपनीने जर्सी दिल्या. छातीवर कंपनीचं नाव मोठं, पाठीवर शाळेचं बारीक. सर बदलले ते तेव्हापासून. पूर्वी हरलो तर ते चूक दाखवायचे, आता हरलो तर दोरी निघायची.

मग ऑक्टोबरात, शाळा अर्धी संपलेली असताना, अकरावीत तीन नवी मुलं आली. गुडगावच्या पलीकडच्या एका गावातली, जिथली जमीन नव्या वसाहतीत गेली होती. तिघांच्याही हनुवटीवर ब्लेडच्या खुणा होत्या. त्यातला बलबीर सहा फुटी. त्याने पहिल्या दिवशी मारलेल्या चेंडूने जाळं फाटलं. सुब्बूची जागा त्याला मिळाली. आमच्या वयोगटाची मर्यादा सतरा होती. बलबीर सतरा वर्षांचा असेल तर मी अजून पाळण्यात होतो.

सरांनी तिघांना नव्या जन्मतारखा पाठ करायला लावल्या. पळताना विचारायचे, "बलबीर, डेट ऑफ बर्थ?" आणि तो धापा टाकत सांगायचा. चुकला तर आणखी एक फेरी. सगळी टीम हसायची. आणि त्याची ती नवी तारीख त्याच मोसमात आली, तेव्हा तो कागदाच्या पुड्यात बुंदीचे लाडू घेऊन मैदानावर आला. म्हणाला, "आज मेरा जनमदिन है ना." त्याच्या घरी कुणाचा वाढदिवस कधी झालाच नव्हता. खोटी का होईना, त्याला तारीख मिळाली होती आणि ती त्याने मनावर घेतली होती. आम्ही लाडू खाल्ले आणि मागे वळून हसलो. ग्रुपवर आज सगळे आहेत, पण बलबीरचा नंबर कुणाकडेच नाही. कुणी शोधलाही नाही.

आता बाबांबद्दल. माझे बाबा एका मंत्रालयात अंडर सेक्रेटरी होते. गावकुसाबाहेरच्या आमच्या घरातले पहिले मॅट्रिक, पहिले पदवीधर, पहिले राजपत्रित अधिकारी. आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात एक टेबल होतं. रोज संध्याकाळी सहा ते सात बाबा तिथे बसत. मुनिरकात खोल्या घेऊन राहणारी बिहारची, ओरिसाची, मणिपूरची मुलं, शेजारपाजारचे शिपाई, कुणीही यायचं. हातात मार्कशीटची झेरॉक्स. "साहब, अटेस्ट करवाना है." नोकरीचा फॉर्म असो की कॉलेजचा, राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि शिक्का असल्याशिवाय झेरॉक्सला किंमत नव्हती. बाकीचे साहेब लोक दार उघडायचे नाहीत. बाबा खुर्ची द्यायचे.

त्यांची एक पद्धत होती. मूळ प्रत डाव्या हाताला, झेरॉक्स उजव्या हाताला. बोट एकेका ओळीवरून सरकायचं. नाव, बापाचं नाव, तारीख, गुण. प्रत्येक ओळीला एक बारीक टिंब. मग हिरव्या शाईने सही, मग गोल शिक्का, मग त्यावर फुंकर. मूळ प्रत नसेल तर कितीही गयावया करा, सही नाही. एकदा आमच्या सख्ख्या मामाला त्यांनी तसंच परत पाठवलं होतं. आई दोन दिवस बोलली नव्हती. "मी सही केली म्हणजे मी पाहिलं," असं बाबा म्हणत. "न पाहता केली तर ती सही नाही, नुसती शाई."

फक्त शिक्षकांच्या बाबतीत त्यांची ही शिस्त लुळी पडायची. त्याला कारण होतं. बाबांची स्वतःची जन्मतारीख एक जून. खरी कोणती ते आजीलाही ठाऊक नव्हतं. पेरणीच्या आसपास झाला, एवढंच तिला आठवायचं. गावातल्या मास्तरांनी त्यांना हाताला धरून शाळेत नेलं, रजिस्टर उघडलं आणि आपल्या हाताने एक जून लिहिलं. त्या तारखेवर बाबांची शाळा झाली, नोकरी झाली. त्यामुळे मास्तराने लिहिलेलं खरं, ही त्यांची श्रद्धा नव्हती, तो त्यांच्या जन्माचा दाखला होता. मास्तरापुढे मूळ प्रत मागणं त्यांना जमणारच नव्हतं. हे तोमर सरांना कुणी सांगितलं? मी. कौतुकाने, हरभरे खाता खाता.

सेमीफायनल जिंकलो त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर आमच्या घरी आले. व्हरांड्यात अटेस्टसाठी आलेली मुनिरकाची तीन मुलं रांगेत होती. बाबा उठून उभे राहिले. "आइए सर, बैठिए." आईने आतून चहा केला आणि ट्रे माझ्या हातात दिला. मी बाहेर आलो तेव्हा सरांनी अकरा जन्मदाखल्यांच्या झेरॉक्स टेबलावर ठेवल्या होत्या.

"ओरिजिनल स्कूल में जमा हैं साहब. फाइनल से पहले कागज़ देने हैं. कल ले आऊँ ओरिजिनल?"

बाबा म्हणाले, "अरे सर, आप कह रहे हैं तो फिर क्या देखना."

सरांनी माझ्या हातातल्या ट्रेवरून कप उचलला आणि माझ्याकडे बघितलं. नजर अगदी थेट होती. मग ते बाबांना म्हणाले, "आपका बेटा शेर है, साहब. फाइनल में लेफ्ट बैक यही खेलेगा."

तोपर्यंत माझी जागा पक्की नव्हती. त्या एका वाक्याने झाली. आणि मी तिथे उभा होतो, वाफ येणारा दुसरा कप घेऊन, आणि माझ्यासमोर बाबांचा हात चालला होता. सही, शिक्का, फुंकर. चौथा कागद बलबीरचा होता. वरच्या कोपऱ्यात सामन्यांसाठी चिकटवलेला त्याचा फोटो, खाली ती लाडवाची तारीख. बाबांचं बोट कुठल्याच ओळीवर थांबलं नाही. शिक्का पडला. मी म्हटलं, "बाबा, चहा गार होतोय." याहून जास्त काही म्हटलं नाही.

फायनल आम्ही जिंकलो. बलबीरने दोन गोल केले. मी डाव्या पायाने गोलरेषेवरून एक चेंडू बाहेर काढला, त्याची आठवण ग्रुपवर अजून निघते. मैदानाबाहेर पडताना सरांनी माझ्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाले, "हाँ." घरी आलो तर बाबांनी मिठाई आणून ठेवली होती. मी खाल्ली. गोड लागली, हेही सांगून टाकतो.

तीन आठवड्यांत हरलेल्या शाळेने त्या गावातल्या शाळेचं जुनं रजिस्टर आणलं. बलबीर वीस वर्षांचा निघाला. बाकीचे दोघे एकोणीसचे. ट्रॉफी परत गेली. त्या तिघांची नावं शाळेतून कमी झाली. सरांनी त्यांना पोलिसात खेळाडूंच्या जागेवर लावून देण्याचं आश्वासन दिलं होतं, ते हवेत गेलं. बलबीर शेवटच्या दिवशी जर्सी धुऊन, घडी करून परत द्यायला आला होता. सर स्टाफरूममधून बाहेर आले नाहीत. जर्सी मीच घेतली.

आणि चौकशीत तोमर सरांनी लेखी दिलं की दाखले राजपत्रित अधिकाऱ्याने अटेस्ट केलेले होते, त्या सहीवर विश्वास ठेवून मी मुलांना खेळवलं, माझा काही दोष नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. बाबांनी सरांवर विश्वास ठेवून सही केली आणि सरांनी शपथेवर सांगितलं की मी त्या सहीवर विश्वास ठेवला. कागदावर ते अगदी चोख दिसत होतं.

बाबांना मेमो आला. मूळ प्रती न पाहता सत्यप्रती कशा दिल्या, याचा खुलासा करा. त्यांनी टेबलाशी बसून उत्तर लिहिलं, एकच पान. आम्हाला दाखवलं नाही. ठपका बसला. त्यांचं प्रमोशन दोनदा पुढे गेलं आणि मग राहूनच गेलं. मास्तरांनी दिलेल्या एक जूनच्या हिशेबाने एकतीस मेला ते अंडर सेक्रेटरी म्हणूनच निवृत्त झाले. त्यांच्या हाताखाली शिकलेले लोक तेव्हा डायरेक्टर होते.

पण प्रमोशनचं एवढं नाही. मेमोच्या दिवशी संध्याकाळी बाबांनी गोल शिक्का रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला. सहा वाजता मुनिरकाची दोन मुलं आली. आई दारात गेली आणि म्हणाली, "साहब अब नहीं करते." दुसऱ्या दिवशी तीन आली, तिसऱ्या दिवशी एक. मग सगळ्यांना कळलं. व्हरांड्यातल्या टेबलावर आईने लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवायला सुरुवात केली. गावकुसाबाहेरून आलेल्या माणसाने मिळवलेली सगळ्यात मोठी गोष्ट ती होती, की लोक रांग लावून त्याच्याकडे यायचे आणि त्याने खरं म्हटलं की ते खरं ठरायचं. ती एका चहाच्या कपात गेली.

तोमर सर? पुढच्याच वर्षी नव्या उपनगरातल्या नव्या शाळेत गेले. दुप्पट पगार, टर्फ, इलेक्ट्रॉनिक स्कोअरबोर्ड. त्यांनी पुष्कळ ट्रॉफ्या जिंकल्या. त्यांचे खेळाडू म्हणे फार शिस्तीचे असतात. असतील. मी त्यांच्यातल्या एखाद्याला कधी भेटलो तर एकच विचारणार आहे. तुझ्या मैदानावर सगळ्यांना दिसणारं एखादं खोटं असेल, तर ते खोटं आहे असं म्हणायची तुझी छाती होते का? होत असेल तर तुझे कोच मोठे. नाहीतर डावा पाय काय, भिंतसुद्धा शिकवते.

आता तर सरकारने अटेस्टचा नियमच काढून टाकला आहे. प्रत्येकाने आपल्याच कागदावर आपणच सही करायची. पम्मी आणि मंडळी नेमकं तेच करताहेत.

काल संध्याकाळी मी मानपत्राची प्रिंट घेऊन बाबांसमोर बसलो. सही घ्यायला नाही. मला त्यांना चिडलेलं बघायचं होतं. तीस वर्षांत मी त्यांना तोमर सरांबद्दल एक वाईट शब्द बोलताना ऐकलं नाही, आणि त्याचाही मला राग होता. ब्याऐंशी वर्षांचे बाबा, एका कानात यंत्र, हातात भिंग. मी सगळं सांगितलं. सत्कार, शाल, पम्मीचं "वज़न आएगा". सांगता सांगता माझा आवाज इतका चढला की स्वयंपाकघरातून बायको बाहेर डोकावली.

बाबांनी मानपत्र टेबलावर सरळ केलं. मग त्यांचं बोट पहिल्या ओळीवर आलं. किती वर्षांनी बघत होतो मी ते.

"समय के पाबंद," त्यांनी वाचलं. "हे तू पाहिलंस?"

"हो."

"खिलाड़ियों को अपने हाथ से खिलाया. पाहिलंस?"

"हो. हरभरे."

"खेल की बारीकियाँ सिखाईं."

"हो, बाबा."

"सच्चाई और ईमानदारी का पाठ पढ़ाया." बोट तिथे थांबलं. भिंगाखाली नख मोठं दिसत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी उसळलो. "आज लिहितो मी ग्रुपवर! सगळं लिहितो. दाखले, बलबीर, तो लेखी जबाब, तुमचा मेमो, सगळं. कळू दे लोकांना कोण होता तो माणूस."

"लिही," बाबा म्हणाले. "बिल्कुल लिही. चहा कोण घेऊन आलं होतं, तेपण लिही."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. बायको आत गेली. बाबांनी भिंग पुसलं आणि डबीत ठेवलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्या पोराचा फोटो आला तेव्हा तुझ्या हातात कप वाजला. मला वाटलं, मुलगा काहीतरी बोलेल. बोलला असतास तर मी थांबलो असतो. मेमोच्या उत्तरात लिहिलं नाही मी ते. चूक माझी, एवढंच लिहिलं. तू तेव्हा सोळा वर्षांचा होतास. तुझं वय तरी खरं होतं."

मानपत्र त्यांनी सही न करता माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, खिडकी उघड, सातवीण फुललीय ना, वास येऊ दे जरा.

मी खिडकी उघडली. मग हे लिहायला बसलो. ग्रुपवर आत्ताच टाकलं आहे, हिंदीत करून, पण जसंच्या तसं, चहाच्या ट्रेसकट. अजून कुणी हात जोडलेले नाहीत.